दुसरा वाडगा

माझ्या आईने आयुष्यात पाच फ्रेंच गाणी म्हटली, आणि तिला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नव्हतं. हे सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखं होतंच, पण ती पाचही गाणी मी बांधली होती आणि त्यांच्यावर माझी दोन वर्षं गेली होती. त्यामुळे हसू मला इतरांपेक्षा बरंच उशिरा आलं.

तेव्हा मी दिल्लीजवळ मानेसरला एका कारखान्यात दुभाषी होते. देशाची दारं उघडून काही वर्षं झाली होती. त्या दारांतून आत आलेल्यांपैकी ही एक फ्रेंच कंपनी, मोटारींचे सुटे भाग बनवणारी. पहाटे पावणेसहाला मयूर विहारहून चार्टर्ड बस पकडायची, धौला कुवाँला उतरायचं, तिथून कंपनीची बस. वाटेत गुडगाव लागायचं. एका बाजूला मोहरीची शेतं, दुसऱ्या बाजूला अर्धवट उभे टॉवर, आणि दर दोन-चार महिन्यांनी शेतांच्या बाजूचं एखादं शेत टॉवरांच्या बाजूला गेलेलं असायचं. दिवसभर माझं काम म्हणजे हिंदीतली भांडणं फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधली भांडणं हिंदीत पोचवणं. दुभाष्याने मध्ये स्वतःचं काही घालायचं नसतं आणि वाक्य सुरू झालं की थांबायचं नसतं. मी दोन्ही बाबतींत चांगली होते. नोकरीत माझं कौतुक झालं ते एवढ्यासाठीच.

गाणं मात्र घरचं. आमचं मराठी ख्रिस्ती घर, मूळचं नगरचं. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते, आई सरकारी शाळेत गणित शिकवायची, आणि महिन्यातल्या एका रविवारी चर्चमध्ये मराठी उपासना असायची तेव्हा पेटीवर तीच. आईचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. सगळी मंडळी तिच्या मागून म्हणायची, आणि कुणी पुढे पळालं तर ती पेटी थांबवून त्याच्याकडे बघायची. मी लहानपणी पियानो शिकले, मोठेपणी एका निवृत्त बाईंकडे शनिवारी दुपारी संगीतरचना शिकले. पाश्चात्त्य शास्त्रीय, त्यातलं आजचं, ज्यात सूर एकमेकांना बिलगून न बसता जरा अंतर ठेवून बसतात. दूतावासातलं एक कुटुंब परत जाताना आपला जुना पियानो टाकून जात होतं, तो मी घेतला. तो तिसऱ्या मजल्यावर चढवताना जिन्याचा कठडा वाकला, आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी ते अखेरपर्यंत विसरू दिलं नाही.

आमच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचा जो फ्रेंच प्रमुख होता, त्याला कुठूनतरी कळलं की मी कवितांना चाली लावते. एकदा सुट्टीवरून परत येताना त्याने एक पातळसं पुस्तक आणून दिलं. त्याच्या आईच्या कविता. ती एका छोट्या गावात शाळेत शिकवायची आणि निवृत्त झाल्यावर तिने गावातल्याच छापखान्यात हे पुस्तक छापून घेतलं होतं. साहेबाच्या आईच्या कविता म्हटल्यावर मी तोंड गोड ठेवून पुस्तक पिशवीत टाकलं आणि मनात म्हटलं, आता हे वाचून खोटं बोलणं आलं. बस वाटेत कुठेतरी बंद पडली म्हणून ते उघडलं. बस पुन्हा सुरू झाल्याचं मला कळलं नाही.

कविता लहान होत्या. बारा-चौदा ओळींच्या, साध्या शब्दांच्या, कुठेही आवाज न चढवणाऱ्या. मी पाच निवडल्या. त्यांतल्या चौथीचं नाव होतं ‘सकाळ’. तिकडे खेड्यांतून सकाळची कॉफी कपातून नाही, बिनकानाच्या वाडग्यातून पितात. कवितेतली बाई सकाळी उठते, शेगडी पेटवते, टेबलावर दोन वाडगे मांडते. मग तिच्या लक्षात येतं. ती दुसरा वाडगा परत फडताळात ठेवते. त्यानंतर सहा-सात ओळी नुसत्या खिडकीबाहेरच्या, धुक्याच्या, शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या. नवरा गेला आहे हे अख्ख्या कवितेत कुठे लिहिलेलं नाही.

मला शिकवणाऱ्या बाईंचा एक दंडक होता. कवीच्या शब्दांना हात लावायचा नाही. त्याने जी ओळ एकदा लिहिली ती गाण्यातही एकदाच यायची. आपल्याला ओळ आवडली म्हणून ती चारदा घोळवायची नाही. हे त्या मला दर शनिवारी सांगायच्या, कारण मी दर शनिवारी घोळवून न्यायची. भजनांवर वाढलेलं माणूस, धृपदाकडे परत आल्याशिवाय मला गाणं झाल्यासारखंच वाटायचं नाही. पण शिकले हळूहळू. ‘सकाळ’ मी सरळ बांधली होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकही पाऊल मागे न घेता.

गायला मी एक तरुण मुलगी शोधली होती, रीतसर पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेली. तिचा आवाज फार सुंदर होता आणि माझ्या गाण्यांना तो अजिबात शोभत नव्हता. खेड्यातली म्हातारी स्वयंपाकघरात उभी आहे असं ऐकताना वाटायलाच तयार नाही. पुढे तिला बंगलोरला नोकरी लागली, तिला वाईट वाटलं, मी वाईट वाटल्याचं दाखवलं.

मग एका रविवारी मी बाहेरच्या खोलीत पियानोवर ‘सकाळ’ची साथ वाजवत होते, आणि आतून, मटार सोलता सोलता, आई वरची चाल म्हणायला लागली. शब्द नव्हतेच, नुसता ‘आ’कार. इतके महिने त्या मुलीच्या तोंडून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. मी वाजवायची थांबले नाही, कारण थांबले असते तर ती थांबली असती. गाणं संपलं तेव्हा मला एवढंच कळलं की हे ज्या आवाजासाठी लिहिलं होतं तो आवाज स्वयंपाकघरात बसलेला होता, आणि मी मूर्खासारखी गावभर शोधत फिरत होते.

"तू म्हणशील?" मी विचारलं.

"मी? फ्रेंच?" आई म्हणाली. "हसतील लोक."

"हसू देत."

"आणि तू हे जे खाली वाजवतेस, ते चुकीचं वाजतंय की मुद्दाम?"

"मुद्दाम."

"अच्छा," आई म्हणाली. "मग ठीक आहे."

बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. आई त्याबद्दल फारसं बोलत नसे, मीही विचारत नसे. दोघींनाही कामं होती. शिकवण्याच्या निमित्ताने संध्याकाळी आम्ही रोज तासभर पियानोपाशी बसायला लागलो, आणि खरं सांगायचं तर बाबा गेल्यानंतरचा आमच्या घरातला सगळ्यात सुखाचा काळ तोच होता.

मी तिला शब्द देवनागरीत लिहून दिले. तिने शाळेची जुनी वही काढली आणि शिक्षिकेच्या टपोऱ्या अक्षरात सगळं पुन्हा उतरवलं. अर्थ तिला ओळीओळीने हवा होता, वाक्य संपेपर्यंत थांबायची तिची तयारी नसे. फ्रेंच कवितेत बोलताना गिळून टाकलेला शेवटचा स्वर गाताना जागा होतो आणि त्याला स्वतःचा सूर द्यावा लागतो. हे त्या मुलीला समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. आई म्हणाली, "त्यात काय? आपण बोलताना ‘घर’ म्हणतो आणि भजनात शेवटचा ‘र’ पुरा म्हणतो. बिल्कुल तसंच." तालाचा मात्र तिने मला छळ मांडला. माझ्या गाण्यात मात्रा कधी पाच, कधी सात, आणि तिचा हात मांडीवर आपला चार मोजतोय. "तुझ्या गाण्याला मुक्कामाचं ठिकाणच नाही," ती म्हणायची. तरी शिकली. पन्नास वर्षं लोकांना तालात ठेवलेली बाई, ती हरणार नव्हती.

‘सकाळ’ला आलो तेव्हा एक गोष्ट झाली. वाडग्याच्या ओळीपुढे आईने वहीत, सवयीने, दोन उभ्या दांड्यांमध्ये ‘धृ’ लिहिलं. आपल्या भजनांच्या पुस्तकात असतं तसं. म्हणजे ही धृपदाची ओळ, दर कडव्यानंतर हिच्याकडे यायचं. आणि ती तशीच गायली. धुक्याच्या दोन ओळी म्हटल्या आणि परत वाडग्यावर. कोंबड्यांच्या दोन ओळी, परत वाडग्यावर. एकूण तीनदा.

"आई, ही ओळ एकदाच आहे."

"मग गाणं परत कुठे यायचं?"

"यायचंच नाही परत."

"असं कसं? एवढी चांगली ओळ. ती एकदा म्हणून पुढे निघून जायचं?"

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. नियम मला माहीत होता. पण ती तिसऱ्यांदा त्या ओळीवर आली तेव्हा मी पाहिलं की गाणं तसंच जास्त खरं होतं. मी खोडरबर घेतला, साथ बदलली, परतण्याच्या दोन जागा केल्या. कवयित्रीला कोण सांगायला जातंय, असं मनात म्हटलं. हजारो मैलांवर बसलेली म्हातारी बाई.

त्या हिवाळ्यात दिल्लीतल्या मराठी मंडळींचा एक कार्यक्रम ठरला, कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे तिथल्या सभागृहात. आयोजक गृहस्थ बाबांच्या ओळखीचे. मी भीत भीत फोन केला. ते म्हणाले, "फ्रेंच? अरे वा! मग लावणीच्या आधी घेऊ की हळदीकुंकवाच्या नंतर?" आम्ही लावणीच्या आधी घेतलं. पत्रिका छापून आली. आता रीत म्हणून कवयित्रीची परवानगी घ्यायला हवी होती, हयात कवीच्या कविता न विचारता गात नाहीत. साहेबाकडून पत्ता घेऊन मी पत्र पाठवलं आणि उत्तराची फारशी काळजी केली नाही. कुणाला नको असेल?

उत्तर आलं ते चार ओळींचं. मी जानेवारीत मुलाकडे येते आहे. माझ्या कवितांना संगीताची गरज आहे असं मला कधी वाटलेलं नाही. तरी ऐकेन. ऐकल्याशिवाय हो म्हणणार नाही.

त्या नाही म्हणाल्या तर पाचही गाणी कपाटात जाणार, पत्रिकेवर छापलेलं आईचं नाव खोडलं जाणार. आईने तर चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिच्या अंगात इतका उत्साह मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. ‘सकाळ’ पुन्हा सरळ करून टाकावी असं मी दोनदा सुचवलं. आई म्हणाली, "आता माझ्या तोंडात बसलंय ते," आणि विषय संपला.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी त्या आल्या. धुकं इतकं होतं की साहेबाच्या ड्रायव्हरला आमचा ब्लॉक सापडेना, मी खाली जाऊन घेऊन आले. उंच, सडपातळ बाई, पांढरे केस कापलेले, वाकलेल्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आल्या. मुलगा त्यांना सोडून कारखान्यात काहीतरी बिघडलं म्हणून निघून गेला. आईने नाताळच्या उरलेल्या करंज्या तळाशी कागद घालून जपून ठेवल्या होत्या, त्या काढल्या. पाहुण्या बाईंनी करंजी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली आणि विचारलं की तुम्ही शाळेत काय शिकवत होता. मी आईचं उत्तर सांगितलं, गणित. "मीही," त्या म्हणाल्या. दोघी गणिताच्या निघाल्या, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आई उभी राहून गायली. पहिलं गाणं झालं तेव्हा बाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दुसऱ्याला हात मांडीवर ठेवले. तिसरं संपल्यावर त्यांनी आईकडे बघून हळूच मान हलवली, आणि मला वाटलं, निभावलं. मग ‘सकाळ’. शेगडी, दोन वाडगे, दुसरा वाडगा परत फडताळात. धुकं. आई परत वाडग्यावर आली. बाईंनी डोकं वर केलं. कोंबड्या. आई तिसऱ्यांदा वाडग्यावर आली, आणि बाईंनी हाताचा तळवा समोर धरला. आई थांबली. माझी बोटं पियानोवर तशीच राहिली.

"ही ओळ मी एकदा लिहिली आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण तळवा अजून समोरच होता. "तुमच्या आईंना सांगा. तो वाडगा मी एकदाच परत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी एकच काढते आहे. कवितेत जे एकदा घडलं ते तुम्ही तीनदा घडवता, मग ती माझी सकाळ राहत नाही. मी याला हो म्हणू शकत नाही."

मी आईला सांगितलं. शब्दाला शब्द, काहीही न गाळता. मनातून मी स्वतःला शिव्या घालत होते, कारण चूक आईची नव्हतीच. नियम मला माहीत होता.

आईने ऐकून घेतलं. वही मिटली. मग पाहुण्या बाईंकडे बघून, जणू मी मध्ये नाहीच अशी, ती मराठीतच बोलली.

"त्यांना सांग, मला माफ करा, मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं सगळ्यांचं असंच असतं. ही पहाटे बसला जाते. साडेसातला यांचा दुसरा चहा असायचा, फिरून आल्यावर. मी अजून रोज दोन कप काढते. रोज. काढल्यावर लक्षात येतं, मग एक परत ठेवते. कधीकधी तर चहा ओतूनसुद्धा होतो. तीन वर्षं झाली. म्हणून मला ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणावीशी वाटली, एवढंच."

मी तोंड उघडलं आणि माझ्यातून शब्द निघेना. नोकरीत मी कधी थांबले नव्हते. आईच्या दोन कपांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. रोज साडेसातला मी बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेली असायची. मला फार लाज वाटली, आणि रडू आलं, आणि दोन्हींसाठी ही वेळ नव्हती.

"काय झालं?" आई म्हणाली. "सांग ना त्यांना."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"तुला काय बोलायचं? तू काय करणार होतीस, बस सोडणार होतीस? सांग त्यांना, बिचाऱ्या वाट बघतायत."

मग मी सांगितलं. तुटक सांगितलं, मध्ये दोनदा नाक पुसलं, क्रियापदं चुकवली. बाईंनी मला दुरुस्त केलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या आईकडे वळल्या. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," आई म्हणाली. हे मी भाषांतर करण्याआधीच ती म्हणाली, कारण बाईंचा चेहराच तसा होता.

मग बाईंनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. पियानोवरची माझी स्वरलिपी स्वतःच्या मांडीवर घेतली, वाडग्याची ओळ शोधून काढली, आणि समासात काहीतरी लिहिलं. लिहिता लिहिता खाली बघूनच म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी खोटं बोलले. कवितेत एकदा. घरी तो सगळा हिवाळा चालला होता. एकदाच लिहिलं तर एकदाच झालं असं होईल, असं मला वाटलं होतं."

त्यांनी कागद मला परत दिला. समासात लिहिलं होतं: ही ओळ, गाणारीला हवी तितक्या वेळा. खाली सही.

आईला मी ते वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि तिने चहा टाकला. त्या दिवशी तिने तीन कप काढले आणि तिन्ही लागले. पाचवं गाणं ऐकायचं राहूनच गेलं. दोघी करंजीच्या कडेला मुरड कशी घालतात यावर बोलत बसल्या आणि मी मध्ये बसून मुरडीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात याच्याशी झगडत राहिले. शेवटी आईने रुमाल घेऊन मुरड घालून दाखवली आणि माझी गरज संपली.

पुढच्या शनिवारी सभागृह भरलेलं होतं. लोक अर्थातच लावणीसाठी आणि त्यानंतरच्या जेवणासाठी आले होते, हे मी मान्य करते. सभागृहात पियानो नव्हता, म्हणून मी भाड्याचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला होता. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली आयोजकांनी पत्रिकांचा गठ्ठा सरकवला. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि थंडीमुळे वरून बाबांचा राखाडी स्वेटर चढवला होता. स्टेजवर जायच्या क्षणी तो काढून तिने माझ्या हातात दिला. कवयित्री मुलाबरोबर दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, आणि शेजारच्या बाई त्यांना हिंदीत काहीतरी समजावून सांगत होत्या.

प्रत्येक गाण्याआधी मी मराठीत अर्थ सांगितला. पहिल्या गाण्याला लोक बुचकळ्यात पडले, दुसऱ्याला जरा चुळबुळ झाली. मागून एका छोट्या मुलीने "आई, हे संपलं का?" असं मोठ्याने विचारलं, आणि दिल्लीतला मराठी माणूस हसायला तयारच असतो. आई ढळली नाही. तिसऱ्याला सभागृह शांत झालं.

‘सकाळ’चा अर्थ सांगताना मी फार बोलले नाही. वाडग्यांबद्दल सांगितलं, एवढंच. कपांबद्दल सांगायचा मला हक्क नव्हता. मग मी वाजवायला सुरुवात केली.

शेगडी. दोन वाडगे. आई त्या ओळीवर आली आणि तिने ती म्हटली. इतक्या महिन्यांत तिने ती इतकी हळू कधीच म्हटली नव्हती, आणि तरी ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली. मग धुक्याच्या ओळी. मी परतण्याच्या जागेवर आले, डावा हात खाली नेला, वाडग्याचा सूर तिला दिला.

ती परतली नाही. कोंबड्यांवर गेली.

मला एक मात्रा उशीर झाला. धडपडत, दोन सुरांवर चुकत मी तिच्या मागे गेले, माझ्याच जुन्या साथीची, जी मी कधीच खोडून टाकली होती, आठवण काढत. आई पुढे निघाली होती. शेजाऱ्याचं अंगण, शेवटची ओळ, आणि थांबली. मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. कवयित्री ताठ बसल्या होत्या, डोळे मिटून. टाळ्या सुरू झाल्या तरी त्यांनी लगेच उघडले नाहीत.

कार्यक्रमानंतर लोकांनी आईभोवती गर्दी केली, झणझणीत पिठलं-भाकरी झाली. आई आणि कवयित्री एकमेकींचे हात धरून बराच वेळ उभ्या होत्या आणि मला कुणी बोलावलं नाही. परतताना टॅक्सी मिळाली. यमुनेच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती, पुढे काहीच दिसत नव्हतं. आई स्वेटर घालून खिडकीला टेकून बसली होती, दमलेली आणि खूश.

"मी तुला परतायला सूर दिला होता," मी म्हटलं. "त्यांनी लिहून दिलंय ना, हवी तितक्या वेळा. मग तू परत का आली नाहीस?"

आईने स्वेटरची बाही खाली ओढली.

"नाही आलं मनात," ती म्हणाली. "आज एकदाच पुरलं."